चष्म्याच्या काडीत मावणारी काचेची प्रोजेक्शन लेन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एआर चष्म्याची, म्हणजे खऱ्या जगावर चित्र चढवून दाखवणाऱ्या चष्म्याची, चर्चा बहुतेक वेळा डोळ्यासमोरच्या पारदर्शक काचेभोवती फिरते. चित्र ज्या प्रोजेक्टरमधून निघतं तो मात्र काडीच्या बिजागरीपाशी लपलेला असतो आणि त्यातल्या लेन्सबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, भौतिकशास्त्राचे शिक्षक आणि या क्षेत्रात नव्याने आलेले मेकॅनिकल इंजिनिअर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत.

आकडेमोडीसाठी सगळीकडे एकच उदाहरण वापरलं आहे. मायक्रोएलईडी पॅनल (प्रत्येक पिक्सेल म्हणजे स्वतः उजळणारा सूक्ष्म एलईडी) ०.१३ इंचाचं, ६४० × ४८० पिक्सेलचं, दोन पिक्सेलांमधलं अंतर ४ मायक्रॉन. चीनमधल्या जेबीडी कंपनीचं या मापाचं पॅनल बरंच वापरात आहे. दृष्टिक्षेत्र कर्णावर ३० अंश आणि लेन्समधून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका ३ मिलिमीटर रुंद.

प्रोजेक्टर आहे, तर पडदा कुठे आहे?

पडदा म्हणजे तुमच्या डोळ्यातला दृष्टिपटल. पॅनलवरच्या प्रत्येक पिक्सेलमधून निघणारा प्रकाश लेन्स समांतर करून सोडते. पिक्सेल मध्यापासून जितका लांब, तितक्या तिरप्या कोनात त्याची समांतर शलाका बाहेर पडते. थोडक्यात, लेन्स जागेचं रूपांतर कोनात करते. या शलाका वेव्हगाइडच्या, म्हणजे डोळ्यासमोरच्या त्या पारदर्शक काचेच्या, प्रवेशद्वारातून (तिथे सूक्ष्म रेघांची जाळी असते) आत शिरतात, काचेत उड्या मारत डोळ्यासमोर येतात आणि तिथे हळूहळू बाहेर सोडल्या जातात. डोळ्याला वाटतं, चित्र दूरवर कुठेतरी आहे.

डिझाइन करताना मात्र सगळं उलट्या दिशेने चालतं. अनंतावरून येणारे किरण लेन्समधून पॅनलवर आणायचे, म्हणजे जणू एक इवलासा कॅमेरा करायचा. फरक एवढाच की या कॅमेऱ्याचं ॲपर्चर, म्हणजे शलाकेची रुंदी ठरवणारं छिद्र, लेन्सच्या आत नसून बाहेर, पुढे असतं. हा फरक दिसायला छोटा आहे, पण निम्मी डोकेदुखी त्यातूनच येते.

फोकल लेंथ किती ठेवायची हे कोण ठरवतं?

डिझायनर ठरवत नाही, एवढं नक्की. पॅनल आणि दृष्टिक्षेत्र ठरलं की फोकल लेंथ, म्हणजे नाभीय अंतर, आपोआप ठरतं. पॅनलचा कर्ण ३.२ मिमी, त्याचा अर्धा १.६. अर्धं दृष्टिक्षेत्र १५ अंश, त्याचं टॅन ०.२६८. भागाकार केला की ५.९७ येतात, म्हणजे ६ मिमी धरा.

एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा, फोकल लेंथ ६ मिमी, म्हणजे एका पिक्सेलने व्यापलेला कोन सुमारे २.३ कोनीय मिनिटं. एका अंशात २६ पिक्सेल. डोळ्याच्या डॉक्टरकडे ज्याला ६/६ म्हणतात ती दृष्टी १ कोनीय मिनिट, म्हणजे अंशाला ६० पिक्सेल ओळखू शकते. तेव्हा या चष्म्यात अक्षरं वाचता येतील, पण पिक्सेलही दिसतील. २०२५ मध्ये आलेल्या मेटा रे-बॅन डिस्प्लेने दृष्टिक्षेत्र २० अंशांवर आवरून, ६०० × ६०० पिक्सेलांत, अंशाला ४२ पिक्सेल मिळवले. दृष्टिक्षेत्र वाढवायचं की तीक्ष्णता, हा सौदा लेन्स करू शकत नाही, तो पॅनल निवडतानाच होऊन गेलेला असतो.

मग पॅनल निम्मं करा, लेन्सही निम्मी होईल ना?

हा प्रश्न विचारला गेला नाही अशी बैठक विरळाच. उत्तर आहे: नाही.

प्रकाशशास्त्रात एक राशी अशी आहे जी लेन्सच्या या बाजूला आणि त्या बाजूला सारखीच राहते. पॅनलची अर्धी उंची गुणिले तिथल्या प्रकाशशंकूचा कोन, बरोबर बाहेरच्या शलाकेची त्रिज्या गुणिले दृष्टिक्षेत्राचा कोन. आपल्या उदाहरणात उजवी बाजू १.५ × ०.२६८ म्हणजे ०.४ आहे. डावीकडे १.६ ला ०.२५ ने गुणलं की तेच येतात. ०.२५ हा शंकू म्हणजे एफ/२, म्हणजेच फोकल लेंथ शलाकेच्या रुंदीच्या दुप्पट. ही लेन्स एफ/२ असावी असं कुणाला वाटलं म्हणून ती तशी नाही, बाकीच्या तीन आकड्यांनी तिला तशी केली आहे.

आता पॅनल निम्मं करा. शलाका ३ मिमी आणि दृष्टिक्षेत्र ३० अंशच हवं असेल, तर फोकल लेंथ ३ मिमी होते आणि लेन्स एफ/१ होते. एफ/१ लेन्सचे दोष आवरायला आणखी लेन्स, आणखी ॲस्फेरिक (गोलाचा भाग नसलेले) पृष्ठभाग आणि कितीतरी कडक जुळणी लागते. शिवाय पुढच्या लेन्सचा व्यास शलाकेपेक्षा लहान होऊच शकत नाही. पॅनल लहान केल्याने लांबी वाचते, व्यास वाचत नाही. म्हणून ‘आमचं नवं पॅनल लहान आहे, लेन्सही लहान द्या’ अशी मागणी आली की आधी विचारावं, वेव्हगाइडला शलाका किती रुंद हवी आहे?

शलाका ३ मिमीच का? डोळ्याच्या बाहुलीएवढी म्हणून?

योगायोगाने घरातल्या उजेडात बाहुली ३–४ मिमी असते, पण कारण ते नाही. वेव्हगाइड त्या शलाकेच्या अनेक प्रती शेजारी शेजारी मांडून डोळ्यासमोर मोठी खिडकी तयार करतं. शलाका फार बारीक असेल तर प्रतींमध्ये फटी राहतात आणि डोळा हलला की चित्राचा उजेड कमीजास्त होतो. फार रुंद असेल तर प्रवेशद्वाराच्या जाळीवरच ती दुसऱ्यांदा आपटते आणि प्रकाश पुन्हा बाहेर निसटतो. वेव्हगाइडची जाडी, आतल्या उड्यांचा कोन आणि शलाकेची रुंदी ही तिन्ही एकत्रच ठरवावी लागतात.

ॲपर्चर बाहेर असल्याने नेमकं काय बिघडतं?

दोन गोष्टी. पहिली सरळ भूमितीची आहे. लेन्सच्या पुढच्या टोकापासून वेव्हगाइडच्या जाळीपर्यंतचं अंतर १ मिमी असेल, तर पुढच्या लेन्सचा उपयुक्त व्यास ३ + २ × १ × ०.२६८, म्हणजे साडेतीन मिमी. हेच अंतर ४ मिमी झालं तर व्यास पाच मिमीच्या वर जातो. मेकॅनिकल टीमने फ्रेमसाठी मागितलेला प्रत्येक मिलिमीटर काडीच्या उंचीत वसूल होतो.

दुसरी गोष्ट सममितीची. कॅमेऱ्याच्या जुन्या, सुंदर रचनांमध्ये ॲपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे गट असत, त्यामुळे कोमा (बिंदू धूमकेतूसारखा फाकणं), डिस्टॉर्शन (चित्राचा आकार वाकडा होणं) आणि कडेचा रंगदोष आपोआप एकमेकांना खात. इथे सगळ्या लेन्स ॲपर्चरच्या एकाच बाजूला आहेत. फुकटात काही सुटत नाही.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात बहुतेक लेन्स प्लास्टिकच्या असतात. इथे काच कशाला?

तापमानामुळे. पारदर्शकता, ओरखडे वगैरे कारणं नंतर.

आकडे बघा. पीएमएमए या प्लास्टिकचा अपवर्तनांक दर अंश सेल्सियसला साधारण ०.०००१ ने घटतो आणि ते दर अंशाला दहा लाखांत ७० भाग प्रसरण पावतं. दोन्ही परिणाम एकाच दिशेने काम करतात. ६ मिमी फोकल लेंथची एकच पातळ पीएमएमए लेन्स कल्पून हिशेब केला, तर ३० अंशांच्या फरकाने फोकस सुमारे ५० मायक्रॉन सरकतो. एफ/२ वर हिरव्या प्रकाशात आपल्याकडे सूट आहे ती फक्त दोन्हीकडे ४ मायक्रॉनची. हेच गणित एन-बीके७ या साध्या क्राउन काचेला लावलं तर सरक एक मायक्रॉनही भरत नाही, कारण तिथे प्रसरण आणि अपवर्तनांकाचा बदल एकमेकांना बऱ्यापैकी खाऊन टाकतात.

खऱ्या रचनेत जमा आणि उणे शक्तीच्या प्लास्टिक लेन्स एकमेकांची थोडी भरपाई करतात, त्यामुळे ५० चे १५–२० होतात. पण ४ होत नाहीत. मोबाइलच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस असतो, तो लेन्स पुढेमागे करून हे झाकून टाकतो. चष्म्याच्या काडीत मोटरला जागा नाही. ३० अंशांचा फरकही काही टोकाचा नाही: मे महिन्यात नागपूर–चंद्रपूरकडे सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्यावर पॅनल व चिपची स्वतःची उष्णता असते.

एक गंमत मात्र लक्षात ठेवावी. काच घेतल्यावर दोष लेन्सकडून बॅरलकडे, म्हणजे लेन्स धरणाऱ्या नळीकडे, सरकतो. ६ मिमी लांबीचं ॲल्युमिनियम ३० अंशांत ४ मायक्रॉन वाढतं, म्हणजे सगळी सूट एकट्याने खातं. टायटॅनियम दीड मायक्रॉनवर थांबतं. महाग काच घेऊन ती प्लास्टिकच्या बॅरलमध्ये बसवणं हा पैशाचा अपव्यय आहे, आणि तो अनेकदा होतो.

काचेने चष्मा जड नाही होणार?

४ मिमी व्यास आणि ६ मिमी लांबीचा भरीव दंडगोल घेतला तरी त्याचं घनफळ ७५ घन मिमी. जड लँथेनम काचेचा असला तरी ०.३ ग्रॅम. प्लास्टिकचा असता तर ०.०९ ग्रॅम. रे-बॅन डिस्प्ले हा सगळा चष्मा ६९ ग्रॅमचा आहे. वजन वाचवायचं तर बॅटरी आणि बिजागरीकडे बघा.

डोळ्यासमोर थेट धरायच्या, मोठ्या व्यासाच्या व्हीआर लेन्सची गोष्ट निराळी. तिथे बहुधा प्लास्टिकच वापरतात, कारण व्यास दहापट झाला की वजन हजारपट होतं.

कॅटलॉगमधली कुठली काच घ्यावी?

शॉट, ओहारा, होया, सुमिता आणि चीनची सीडीजीएम यांच्या कॅटलॉगांत शेकडो काचा आहेत. काचेचे दोन आकडे आधी बघायचे: अपवर्तनांक आणि अब्बे अंक. अब्बे अंक जितका कमी, तितकी ती काच रंग जास्त फाकवते. एन-बीके७ चे हे आकडे १.५१७ आणि ६४.२ आहेत, तर जड फ्लिंट काचांमध्ये १.९२३ आणि २०.९ अशी जोडी मिळते. प्लास्टिकमध्ये अपवर्तनांक १.६७ च्या आसपास संपतो. काचेत तो २.० पर्यंत जातो. अपवर्तनांक जास्त म्हणजे तेवढ्याच शक्तीला कमी वक्रता पुरते, आणि वक्रता कमी म्हणजे दोषही कमी, जुळणीही सोपी. छोट्या लेन्समध्ये काचेचा हा दुसरा मोठा फायदा.

मग कॅटलॉगच्या मागच्या रकान्यांकडे वळा, जिथे नवशिके जात नाहीत. निळ्या प्रकाशातली पारदर्शकता बघा, जड फ्लिंट काचा पिवळसर असतात. हवामान सहन करण्याची श्रेणीही बघा. शॉट ती १ ते ४ अशी देते. आपल्याकडे कोकणात पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सवर काय होतं ते माहीत असलेल्याने चौथ्या श्रेणीची काच बाहेरच्या पृष्ठभागाला लावू नये. आणि ती काच कारखान्यात नेहमी वितळवली जाते की मागणी आली तरच, हे विचारा. सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही. ते बिनदिक्कत अशी काच सुचवतं जी मिळायला सहा महिने लागतील.

एकूण किती लेन्स लागतात?

आपल्या उदाहरणासाठी तीन ते पाच. माझी पसंती चारला: पुढे एक जमा शक्तीची लेन्स, मग रंगदोषासाठी चिकटवलेली जोडी, आणि पॅनलजवळ एक उणे किंवा मेनिस्कस (एक बाजू फुगीर, दुसरी खोलगट) लेन्स. शेवटची ही लेन्स प्रतिमेचं प्रतल सपाट करते. पॅनल सपाट आहे, पण नुसत्या जमा लेन्सनी बनलेली प्रतिमा वाटीसारखी वाकते. मध्यभाग स्पष्ट आणि कोपरे धूसर दिसत असतील तर आधी इथे शंका घ्यावी. एक पृष्ठभाग ॲस्फेरिक केला की एखादी लेन्स कमी होते. सगळेच ॲस्फेरिक केले तर सॉफ्टवेअरमधला आलेख देखणा होतो आणि कारखान्यातला माणूस फोन उचलत नाही.

काचेची ॲस्फेरिक लेन्स एवढ्या लहान आकारात बनवतात कशी?

घासून नाही, दाबून. टंगस्टन कार्बाइडचा साचा हिऱ्याच्या चाकाने घासून नेमक्या आकारात आणतात, त्यावर काच चिकटू नये म्हणून लेप देतात. काचेची गोळी साच्यात ठेवून नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात तापवतात आणि ती मऊ झाली की दाबतात. यासाठी कमी तापमानाला, साधारण ५०० ते ६०० अंशांच्या पट्ट्यात, मऊ होणाऱ्या खास काचा असतात. शॉटच्या यादीत त्यांच्या नावाआधी ‘पी’, ओहाराच्या यादीत ‘एल’, होयाच्या ‘एम’ आणि सीडीजीएमच्या ‘डी’ असतो.

यात एक खाचखळगा आहे. दाबल्यानंतर काच भराभर थंड होते, त्यामुळे तिचा अपवर्तनांक कॅटलॉगमधल्या आकड्यापेक्षा तिसऱ्या दशांशस्थानी कमी भरतो. हा घटलेला आकडा साचाकाराकडून मागून घ्यायचा आणि अंतिम डिझाइन त्यावर करायचं. आकारावरही बंधनं आहेत. मोबाइलच्या प्लास्टिक लेन्सला कडेला असते तशी पंखासारखी उलटी वळणं काचेत काढायच्या भानगडीत पडू नये.

गोल लेन्स दोन बाजूंनी कापून चपटी करता येते, म्हणजे काडीची उंची वाचते. पॅनल आयताकृती असल्याने वरखालचा भाग तसाही फारसा वापरला जात नाही.

डिस्प्ले फक्त हिरवा असेल तर रंगदोष विसरायचा का?

नाही. हिरवा एलईडी म्हणजे लेझर नव्हे. त्याचा पट्टा साधारण ३० नॅनोमीटर रुंद असतो. ५१० ते ५४० नॅनोमीटरमध्ये एन-बीके७ च्या ६ मिमीच्या एकाच लेन्सचा फोकस सुमारे २० मायक्रॉन सरकतो. सूट ४ मायक्रॉनची, हे आठवा. जोडी लागतेच, फक्त तिच्याकडून कमी अपेक्षा असतात आणि काचेची निवड सैल होते.

पूर्ण रंगासाठी लाल, हिरवं, निळं अशी तीन पॅनलं एका घनाकृती प्रिझमभोवती लावून त्यांचा प्रकाश एकत्र करतात. यात सोय अशी की प्रत्येक रंगाचं पॅनल स्वतंत्रपणे पुढेमागे करून रंगांमधला फोकसचा फरक जुळणीतच काढून टाकता येतो. किंमत अशी की लेन्स आणि पॅनल यांच्यामध्ये काही मिलिमीटर काचेचा ठोकळा येतो. त्याची जागा आणि त्याने आणलेला गोलीय दोष पहिल्या दिवसापासून डिझाइनमध्ये धरावा लागतो. ‘प्रिझम नंतर घालू’ म्हटलं की नंतर सगळं पुन्हा करावं लागतं.

एलकॉस पॅनल असेल तर?

एलकॉस म्हणजे सिलिकॉन चिपवर द्रव स्फटिकाचा थर असलेलं पॅनल. ते स्वतः प्रकाश देत नाही, त्याच्यावर ध्रुवित प्रकाश टाकून तो परत घ्यावा लागतो. त्यामुळे तिथे ध्रुवीकरणाचा प्रिझम हवा, म्हणजे पुन्हा काचेचा ठोकळा. शिवाय काळं किती काळं दिसेल हे किरण पॅनलवर किती तिरपे पडतात यावर ठरतं, म्हणून लेन्स पॅनलच्या बाजूने टेलिसेंट्रिक लागते. प्रत्येक पिक्सेलचा मुख्य किरण पॅनलला लंब हवा. याने मागच्या लेन्सचा व्यास पॅनलपेक्षा मोठा होतो. २०१६ चा होलोलेन्स, २०१८ चा मॅजिक लीप वन आणि वर आलेला रे-बॅन डिस्प्ले हे सगळे एलकॉसवर चालले, तेव्हा हा मार्ग जुनाट समजू नये. मायक्रोएलईडीला ही सक्ती नाही, पण हल्ली पिक्सेलवर सूक्ष्म भिंगं बसवून प्रकाश पुढच्या दिशेने गोळा करतात. तशा पॅनलला मुख्य किरणाचा कोन जुळवून घ्यावाच लागतो.

डिस्टॉर्शन सॉफ्टवेअरने काढता येतं. मग लेन्समध्ये ते कमी करण्यात वेळ का घालवायचा?

पॅनलच्या मध्यापासून कोपरा ४०० पिक्सेल लांब आहे. २ टक्के डिस्टॉर्शन म्हणजे कोपऱ्यात ८ पिक्सेलांची सरक. सॉफ्टवेअर ती उलटी करून देईल, पण त्यासाठी प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांत वाटावा लागतो. व्हिडिओत हे कळणार नाही. ६४० × ४८० च्या पॅनलवर देवनागरी अक्षरांच्या एक पिक्सेल जाडीच्या वेलांट्या, उकार आणि रफार मात्र त्यात विरघळतात. माझ्या मते एवढ्या कमी पिक्सेलांच्या डिस्प्लेत डिस्टॉर्शन अर्ध्या टक्क्याच्या आसपास लेन्सनेच आणून द्यावं.

एमटीएफ किती असली म्हणजे पुरे?

एमटीएफ म्हणजे बारीक काळ्या-पांढऱ्या रेषांमधला फरक लेन्स किती टिकवते ते सांगणारा ० ते १ मधला आकडा. ४ मायक्रॉन पिक्सेल म्हणजे मिलिमीटरला १२५ रेषाजोड्या. एफ/२ वर निर्दोष लेन्सही विवर्तनामुळे तिथे ०.८३ च्या वर जाऊ शकत नाही. कागदावर कोपऱ्यात ०.५ असेल, तर बनवून आल्यावर ०.३५ उरतील अशा अंदाजाने चालावं. कागदावर ०.७ दिसणारी, पण बनवल्यावर ०.२ वर येणारी रचना कुणालाही नको असते. स्पर्धेच्या सादरीकरणात मात्र नेमकी तीच जिंकते.

चित्राच्या उलट्या बाजूला फिकट दुसरं चित्र दिसतं. ते कुठून येतं?

हा या क्षेत्रातला सर्वांत फसवा दोष आहे, कारण लेन्स एकटी तपासली तर तो सापडत नाही.

लेन्समधून समांतर होऊन निघालेला प्रकाश वेव्हगाइडच्या सपाट पृष्ठभागावर पडतो. थोडा परत फिरतो. समांतर शलाका सपाट आरशावरून परतली की लेन्स तिला पुन्हा पॅनलवरच केंद्रित करते, पण मध्याच्या बरोबर विरुद्ध जागी. वर डावीकडच्या चिन्हाची प्रतिमा खाली उजवीकडे पडते. पॅनलवर धातू आहे, ते चकाकतं, ती प्रतिमा पुन्हा निघते आणि डोळ्यात जाते. काळ्या पार्श्वभूमीवर एकच पांढरा बाण दाखवला की तिरपा समोर त्याचा जुळा दिसतो.

कोटिंगने तो फिका होतो, जात नाही. घालवायचा तर प्रोजेक्टर वेव्हगाइडला लंब न ठेवता थोडा कलता ठेवायचा. कल जेवढा, त्याच्या दुप्पट कोनात परतीची शलाका वळते. आपल्या पॅनलची उंची १.९२ मिमी आहे. परतीची प्रतिमा पॅनलच्या पूर्ण बाहेर फेकायला सुमारे ९ अंशांचा कल लागतो. वेव्हगाइडच्या जाळीला हा कल मान्य आहे का, फ्रेममध्ये तो बसतो का, याची बोलणी लेन्स पूर्ण होण्याआधी झाली पाहिजेत.

कोटिंग एवढं महत्त्वाचं का? काच तर पारदर्शक असते.

१.९ अपवर्तनांकाच्या काचेचा उघडा पृष्ठभाग ९.६ टक्के प्रकाश परत पाठवतो. चार सुट्या लेन्सचे आठ पृष्ठभाग धरले तर पलीकडे ४५ टक्केच पोहोचतो आणि उरलेला आत भटकत राहतो. पृष्ठभागागणिक परावर्तन ०.३ टक्क्यांवर आणलं की जवळजवळ ९८ टक्के पोहोचतो. एआरमध्ये काळा रंग म्हणजे ‘प्रकाश नाही’. भटका प्रकाश असेल तर रात्री डोळ्यासमोर पॅनलच्या आकाराचा एक राखाडी चौकोन तरंगताना दिसतो, आणि तो एकदा दिसला की माणसाला दुसरं काही दिसत नाही. लेन्सच्या कडा काळ्या करणं हे कंटाळवाणं काम याचसाठी असतं.

दिवसा उन्हात दिसेल का?

पॅनल सर्व दिशांना सारखा प्रकाश फेकत असेल, तर एफ/२ लेन्स त्यातला फक्त ६.२५ टक्के उचलते. एफ/१.५ केली तर ११ टक्के. त्यानंतर विवर्तनी वेव्हगाइड त्यातला एखाद-दोन टक्का किंवा त्याहून कमी डोळ्यापर्यंत आणतं. उन्हाचं उत्तर म्हणूनच पॅनल आणि वेव्हगाइडकडे जास्त आहे. तरी एफ अंक थोडा खाली आणायची मागणी येतच राहते, कारण लेन्सवाल्यांकडे मागणं सोपं असतं.

जुळणीत किती अचूकता लागते?

एकेका लेन्सचं केंद्र ३ ते ५ मायक्रॉनच्या आत, कल एक-दोन कोनीय मिनिटांच्या आत. ॲस्फेरिक लेन्समध्ये साच्याचे वरचे आणि खालचे अर्धे भाग एकमेकांशी किती सरळ बसले, हेही त्यात आलं. डिझाइन करतानाच हजारेक काल्पनिक लेन्स, प्रत्येकीत चुका यदृच्छेने पेरून, संगणकावर ‘बनवून’ बघतात. त्यातल्या किती उत्तीर्ण होतात, तो आकडा खरा. कुठली लेन्स सगळ्यांत नाजूक आहे तेही तिथेच कळतं, आणि बहुधा ती चिकटवलेल्या जोडीच्या पुढची निघते. तिची शक्ती थोडी कमी करून शेजारणीला दिली तर कागदावरची एमटीएफ जरा उतरते, पण उत्तीर्णांची संख्या वाढते. असा सौदा डोळे मिटून करावा.

शेवटी पॅनल सहा दिशांत हलवत, चित्र कॅमेऱ्याने बघत, योग्य जागी आणून अतिनील प्रकाशाने गोंद पक्का करतात. गोंद आकसतो. तो सगळ्या बाजूंनी सारखा लागला नसेल तर पॅनल आकसण्याच्या दिशेने ओढलं जातं. ४ मायक्रॉन सरकलं तर चित्र २.३ कोनीय मिनिटं सरकतं. एका डोळ्याच्या चष्म्यात ते कुणाला कळणार नाही. दोन्ही डोळ्यांना चित्र असेल, तर उभ्या दिशेतला काही मिनिटांचा फरकही डोळे ओढून धरतात आणि अर्ध्या तासात कपाळ दुखू लागतं.

चित्र अनंतावरच का? दोन मीटरवर दाखवलं तर सोयीचं नाही का?

सोयीचं आहे, पण लेन्सने ते करायचं नाही. वेव्हगाइड शलाकेच्या अनेक प्रती करतं. शलाका समांतर नसेल तर प्रत्येक प्रत वेगळ्या जागी चित्र दाखवते आणि सगळं दुहेरी-तिहेरी दिसतं. उपाय वेव्हगाइडच्या पलीकडे आहे: डोळ्याच्या बाजूला उणे ०.५ नंबरची पातळ लेन्स लावली की चित्र २ मीटरवर येतं, आणि बाहेरच्या बाजूला अधिक ०.५ लावली की खरं जग जसंच्या तसं दिसतं. ज्यांना नंबर आहे त्यांचा नंबरही याच आतल्या लेन्समध्ये मिळवतात.

हे शिकायला कुठून सुरुवात करावी? भारतात हे काम होतं का?

व्यावसायिक सॉफ्टवेअर महाग आहे, पण शिकायला ओस्लोची मोफत शैक्षणिक आवृत्ती, तिला दहा पृष्ठभागांची मर्यादा आहे, किंवा पायथनमधली ऑप्टिलँड आणि रेऑप्टिक्स पुरेशी आहेत. मुदत संपलेली एखादी पेटंट उघडा. त्यात त्रिज्या, जाडी आणि काच यांचा पूर्ण तक्ता असतो. तो भरा, ६ मिमीच्या मापावर आणा, ॲपर्चर बाहेर काढा आणि काय काय कोसळतं ते पाहा.

देशात प्रकाशयंत्रणांचं काम जुनं आहे. कोलकात्याच्या सीजीसीआरआय या काच संशोधन संस्थेने प्रकाशीय काच बनवली, डेहराडूनची आयआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा संरक्षणासाठी दुर्बिणी आणि दृष्टियंत्रं करते, तेजस विमानाचा हेड-अप डिस्प्ले (वैमानिकाच्या नजरेसमोर माहिती दाखवणारा) चंदीगडच्या सीएसआयओ या वैज्ञानिक उपकरणांच्या संस्थेने विकसित केला. तोही समांतर प्रकाशातच चित्र दाखवतो, फक्त आकाराने मोठा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राने आदित्य-एल१ यानावरची सूट ही सौर दुर्बीण साकारली. कोलकाता विद्यापीठात उपयोजित प्रकाशशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. एकदा मायक्रॉनमध्ये जुळणी करायची सवय लागली की दुर्बिणीकडून चष्म्याकडे येणं फार अवघड नाही.

तयार लेन्स वेव्हगाइडशिवाय तपासता येते का?

येते. वेव्हगाइडची जाळी जिथे येणार तिथेच कॅमेऱ्याचं छिद्र आणायचं, कॅमेरा अनंतावर फोकस करायचा आणि पॅनलवर एकाआड एक पेटलेल्या रेषा दाखवायच्या. छिद्र मागे राहिलं तर कोपरे कापले जातात आणि लोक त्याला लेन्सचा दोष समजतात. छिद्र ३ मिमीपेक्षा लहान असेल, जसं काही मोबाइलमध्ये असतं, तर लेन्सच्या कडेतून येणारा प्रकाश कॅमेऱ्यात जाणारच नाही आणि फोटो खऱ्यापेक्षा चांगला येईल. विक्रेत्याने दाखवलेल्या फोटोबद्दल पहिला प्रश्न हाच विचारावा.